दमणी आणि छकडा

घरच्या मंडळींना देवदर्शनाला किंवा लग्नकार्याला न्यावयाची दमणी आणि शर्यतीच्या मैदानात उधळावयाचा छकडा ही दोन वाहने आपल्या गावगाड्यात नेहमीच वेगळी राहिली. एकीत प्रवाशाच्या अंगाला हिसका बसू नये याची तजवीज असे, दुसऱ्यात हलकेपणाखेरीज कशाचीच फिकीर नसे, आणि दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घ्यावीत असा विचार कोणा शहाण्या शेतकऱ्याच्या मनाला शिवला नाही. मोटारीच्या युगात मात्र नेमकी हीच अपेक्षा धरणारा हौशी वर्ग निर्माण झाला आहे. आठवडाभर कचेरीची वाट तुडवणारी गाडी वर्षातून दोन-चार वेळा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटर लांबीच्या ट्रॅकवर किंवा कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर न्यावी, तेथे आपले कसब अजमावावे आणि तिच्यातूनच घरी परतावे, अशी ही हौस आहे.

या हौशीचा सारा भार गाडीच्या निलंबनव्यवस्थेवर पडतो. ‘निलंबन’ म्हणताच आपल्याला घरी बसवलेला सरकारी नोकर आठवतो, आणि मोटारीतले निलंबन तर चाक फिरत असेतो क्षणभरही रजेवर जात नाही. म्हणून येथे सस्पेन्शन हाच रूढ शब्द बरा. उदाहरणादाखल पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेली आणि २०२२ पर्यंत आपल्याकडे विकली गेलेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. तिच्या पुढच्या चाकांवर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी रचना आहे, जिच्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात गुंफलेले असतात. मागची दोन चाके पीळ सोसणाऱ्या एका आडव्या तुळईने जोडलेली आहेत. स्वस्त, सुटसुटीत आणि जागा वाचवणारी ही व्यवस्था असंख्य छोट्या गाड्यांत आढळते, त्यामुळे तिचे गुणदोष बहुतेकांच्या कामी येतील.

सस्पेन्शनचे पहिले कर्तव्य टायरला रस्त्याशी इमान राखावयास लावणे हे आहे. बसणाऱ्याचे सुख त्यामागून येते. धक्का झेलते ती स्प्रिंग, आणि झेललेली शक्ती परत करताना ती अनावर होऊन उसळत राहू नये म्हणून शॉकअप आपल्या पोटातील तेल बारीक छिद्रांतून ढकलून त्या शक्तीची उष्णता करून टाकतो. म्हणजे नावात धक्का मिरवणारे हे नळकांडे वस्तुतः स्प्रिंगवरचा कारभारी आहे. प्रत्येक गाडीला डोलण्याचा स्वतःचा ताल असतो. सुखासीन गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा डोलते, शर्यतीची गाडी दोन किंवा त्याहून अधिक वेळा. हा ताल स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तो २० टक्क्यांनी जलद करावयाचा तर स्प्रिंग ४४ टक्क्यांनी कडक करावी लागते, आणि तेवढी कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपच्या अंमलाखाली राहत नाही. केवळ स्प्रिंगा बदलून आलेला गृहस्थ महिन्याभरात पाठदुखीची तक्रार करू लागतो, त्याचे कारण बहुधा येथे असते.

याहून मोठा भ्रम गाडी खाली बसवण्याविषयी आहे. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी कमी कलेल हा तर्क बिनतोड वाटतो. परंतु मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आणली की चाकाकडे जाणारा खालचा बाहू उलट्या दिशेने तिरपा होतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचे धड कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली घसरतो. दोहोंतील अंतर वाढते, तरफ लांबते, आणि गाडी अधिक कलू पाहते. शिवाय चाकाला वरखाली होण्याची मुभा आखडल्यामुळे भर वळणात ते रबरी अटकावावर आदळते, कडकपणा एकाएकी वाढतो आणि टायरची पकड सुटते. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि लांबी ३.७ मीटर सुचवली आहे खरी, पण गल्लीतल्या गतिरोधकांनी तो दस्तऐवज पाहिलेला नसतो, आणि खाली बसवलेल्या गाडीचे पोट त्यांना घासते ते वेगळेच.

म्हणून कामाला क्रम हवा. आधी झिजलेले बुश, सैल सांधे आणि थकलेले शॉकअप बदलून गाडी मूळ प्रकृतीवर आणावी. मग चांगले टायर घ्यावेत, कारण बाकी सारा खर्च अखेर त्यांच्याच चार तळव्यांतून वसूल व्हावयाचा असतो. त्यानंतर उत्तम प्रतीचे शॉकअप आणि त्यांना मानवतील अशा किंचित कडक स्प्रिंगा. मॅकफर्सन रचनेत गाडी कलली की बाहेरचे चाकही बाहेर झुकते, म्हणून अलाइनमेंट करताना पुढच्या चाकांचे माथे अंशभर आत कलते ठेवावेत. टायरची आतली कड जरा लवकर झिजेल, ती किंमत सोसावी. गाडीचे कलणे आवरणाऱ्या जाड अँटी-रोल बारविषयी एवढेच लक्षात ठेवावे, की वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारा एकूण भार तो फारसा कमी करत नाही, त्या भाराची पुढच्या आणि मागच्या चाकांत नवी वाटणी तेवढी करतो. मागे जाड बार घातला की पोलोसारखी गाडी वळणात नाक बाहेर काढण्याचे सोडते, पण पावसाळ्यात तिचीच शेपटी निसटू शकते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी दाखल्यावरील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मनाई करते, आणि विम्याचा करारही सर्वसाधारणपणे शर्यत व वेगचाचणी आपल्या हद्दीबाहेर ठेवतो. या दोन्हींची शहानिशा गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी करावी. मेस्त्रीला एका वेळी एकच बदल करावयास सांगावा आणि प्रत्येक बदलानंतर, ट्रॅकचे नावही न काढता, घरापासून कचेरीपर्यंतच्या खड्ड्यांच्या नेहमीच्या वाटेने मागच्या आसनावर आईला बसवून गाडी हाकावी. तिला डुलकी लागली तर पुढचा बदल हाती घ्यावा. तिने पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली, तर गाडीतली दमणी गेली असे समजून मेस्त्रीकडे परत फिरावे.