करमाळ्यात प्लॉट घेताय? स्वस्त भाग सुरक्षित आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात घर घ्यायचं म्हटलं, तर बहुतेकांच्या डोळ्यासमोर फ्लॅट येत नाही. आधी एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यायचा आणि जमेल तसं त्यावर घर बांधायचं, हीच इथली रीत आहे. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. चौघांच्या कुटुंबाला तेवढी जागा पुरते.

अडचण जागा शोधताना सुरू होते. जुन्या गावठाणात, बाजारपेठेजवळ जागा महाग आणि कमी. गावाबाहेर, अहिल्यानगर-टेंभुर्णी महामार्गाच्या किंवा जेऊरच्या बाजूला गेलं की दर उतरतो. शेतात चुन्याच्या रेषा मारलेल्या असतात, रस्त्यावर मुरूम टाकलेला असतो आणि दलाल सांगतो, "बाजूचे सगळे गेले, एवढाच राहिलाय."

दर कमी का आहे, हे मात्र तो सांगत नाही. ते कागदांवरून शोधावं लागतं.

आधी हद्द पाहा

प्लॉट नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, हे जागेवर उभं राहून कळत नाही. कधीकधी रस्त्याच्या एका बाजूला नगरपरिषद असते आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. नळ, गटार, कचरागाडी, पथदिवे या सगळ्यांची जबाबदारी त्यावर ठरते. घरकुलाचं अनुदानही त्यावरच अवलंबून असतं.

सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान मिळतं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असावं लागतं. जास्तीत जास्त अनुदान 1 लाख 80 हजार रुपये, तेही पाच हप्त्यांत. ही योजना शहरी भागासाठी आहे. त्यामुळे हद्दीबाहेरचा प्लॉट 50 हजारांनी स्वस्त पडला, तरी हिशेब उलटा होऊ शकतो.

नगरपरिषदेच्या हद्दीतली जागा असेल, तर तिथून झोन दाखला मागता येतो. विकास आराखड्यात ती जागा निवासी विभागात आहे की शाळा, बाग किंवा रस्त्यासाठी आरक्षित आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. फी किरकोळ असते. पण हा दाखला काढणारे खरेदीदार कमीच.

सामाईक सातबाऱ्याचं दुखणं

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते इथे.

महाराष्ट्रात 1947 पासून तुकडेबंदी कायदा आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने प्रमाणभूत क्षेत्र नव्याने ठरवलं: बागायतीसाठी 10 गुंठे, जिरायतीसाठी 20 गुंठे. म्हणजे बिगरशेती न झालेल्या जमिनीतला एक गुंठा स्वतंत्रपणे विकता येत नव्हता.

यावर पळवाट निघाली. दहा-बारा जणांनी मिळून 10 किंवा 20 गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लावायची आणि जागेवर आपापले तुकडे वाटून घ्यायचे. दस्त नोंदवलेला असतो, उताऱ्यावर नाव असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण 'ईशान्येकडचा कोपरा माझा' असं सातबाऱ्यावर कुठेच नसतं. कायद्याच्या नजरेत सगळे सगळ्या जमिनीचे सहहिस्सेदार असतात. एकाने भिंत दोन फूट पुढे सरकवली की वाद सुरू. बँक अशा जागेवर सहसा कर्ज देत नाही. पुढे विकायला काढली, तर घेणारा वकील करून येतो आणि भाव पाडून मागतो.

याहून वाईट म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला प्लॉट. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही. ग्रामपंचायतीत घरपट्टी आपल्या नावाने लागली, तरी ती कराची नोंद असते, मालकीचा पुरावा नसतो.

2025 मध्ये सरकारने यात मोठी सवलत दिली. नोव्हेंबरमध्ये काढलेल्या अध्यादेशानुसार 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले तुकडेबंदीविरोधी व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचं ठरलं. मात्र ही मुभा सरसकट नाही. नगरपरिषद-नगरपंचायतीची हद्द, मंजूर आराखड्यातला निवासी किंवा व्यापारी विभाग, गावठाणालगतचा भाग अशा ठिकाणांसाठी ती आहे. त्यामुळे "आता गुंठेवारी खुली झाली" असं कोणी सांगितलं, तर "या गटाला लागू आहे का?" एवढंच विचारावं आणि उत्तर तहसील कार्यालयातून घ्यावं.

'इतर हक्क' वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

करमाळा तालुक्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उजनी धरणाच्या पाण्याखाली तालुक्यातली गावं गेली, माणसं दुसरीकडे वसवली गेली. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी, वतनाच्या जमिनी साधारणपणे भोगवटादार वर्ग 2 मध्ये मोडतात. त्या सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. देवस्थान इनामाच्या जमिनींचं प्रकरण त्याहून अवघड असतं. सातबाऱ्यावर भूधारणा पद्धत आणि 'इतर हक्क' हे रकाने वाचायला दोन मिनिटं लागतात. बँकेचा बोजा, न्यायालयातला दावा, कुळाची नोंद, हस्तांतरणावरची बंदी सहसा तिथेच दिसते. जुने फेरफार काढून वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घेतला, तर बहिणींची नावं कधी आणि कशी कमी झाली, हेही कळतं.

एनए आदेशासोबत मंजूर लेआउटही मागावा. लेआउट मंजूर नसेल, तर तुमच्या दारासमोरचा रस्ता कागदोपत्री मूळ मालकाच्या शेताचाच भाग असू शकतो. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विक्री होत असेल, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक वेबसाइटवर टाकला की माहिती दिसते.

दुष्काळी तालुक्यात पुराची चौकशी?

हो, इथेही करावी. करमाळ्याच्या एका बाजूला भीमा आहे, दुसऱ्या बाजूला सीना. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. करमाळा शहर नदीकाठावर नाही, पण ओढे-नाले सगळीकडे आहेत आणि प्लॉटिंग करताना ते बुजवले जातात. महाभूनकाशावर गटाचा नकाशा उघडून ओढा कुठून जातो ते पाहावं. मग जोरदार पावसानंतर जागेवर जावं. पाणी कुठे साचतं, हे शेजारचा शेतकरी नेमकं सांगतो.

नदीकाठच्या जागेसाठी पूररेषा विचारायची. निळी रेषा 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध असतात.

बाकी चौकशी पायी फिरूनच होते. एकदा रात्री नऊ वाजता जाऊन या. रस्त्यावर दिवे आहेत का, देवीच्या माळाच्या यात्रेत तिथून गाडी निघते का, एसटी स्टँडवरून एकट्या मुलीला चालत येता येईल का, रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो. आधीपासून राहणाऱ्या बायकांना नळाला किती दिवसांआड पाणी येतं, ते विचारा. टँकरचा महिन्याचा खर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवला की 'स्वस्त' प्लॉटचा खरा आकडा कळतो.

इसार देण्याआधी

भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झाल्याशिवाय हद्दीच्या खुणांवर विश्वास ठेवू नये. खर्चात नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30 हजार रुपये, आणि त्यावर मुद्रांक शुल्क धरावं. तयार घर महिलेच्या नावाने घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

आणि इसार रोखीत, तोंडी देऊ नये. रक्कम बँकेतून द्यावी, साठेखत नोंदवावं. मोजणीत क्षेत्र कमी भरलं किंवा शोध अहवालात बोजा निघाला, तर इसार किती दिवसांत परत मिळेल, ही अट त्यात लिहून घ्यावी. विकणारा या अटीला तयार नसेल, तर त्याचं कारण सही करण्याआधी विचारता येतं.