भोपळा तिसऱ्यांदा लिलावात

“साडेतीनशे एक! साडेतीनशे दोन!”

पेणमधल्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा हंगामाचा सण आहे. भक्ती संपलीय, आणि पाळकसाहेब झगा उतरवून लिलाव पुकारताहेत. टेबलावर नवा तांदूळ, पेणचे पोहे, पापडांच्या चवडी, सुरण, नारळ आणि पाय बांधलेला एक गावठी कोंबडा. तोही मधूनमधून बोली लावतोय. लाल भोपळा तिसऱ्यांदा वर आलाय. आधी दोघांनी तो घेतला, पैसे वहीत लिहवले आणि भोपळा पुन्हा मंडळीला देऊन टाकला. जुनी रीत आहे ही.

कोपऱ्यातले निवृत्त गुरुजी मुद्दाम किंमत चढवतात. किराणावाल्याला चारशेवर नेऊन पोचवलं की तोंड मिटून बसतात. “घ्या आता!” हशा. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण तेवढा वेळ बाजूला. मला त्याचं काही वाटत नाही. गुप्तदानाच्या आडोशाला काहीच न देणारे पुष्कळ असतात.

मंडळी टिळकांचं नाव काढतात, साहजिकच. १९१७ साली कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पण सैल हात त्यांचा, आणि चूल पेटती ठेवायची पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या दातृत्वाचा हिशेब दुसऱ्या बाजूनं कळतो. इथेही पापड लाटलेत बायकांनी, बोल्या पुरुषांच्या नावावर चढताहेत. खजिनदारबाई मात्र चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत उधारी टिपून घेताहेत.

विकत घेऊन परत दिलेल्या तांदळाच्या गोण्या दुपारी गाडीत चढतात. कासू, नागोठणे, निडी, रोहा. स्टेशनबाहेर मिनीडोर ठरते, आणि धाटावच्या कारखान्यात कामाला असलेला मंडळीतला एक जण सोबत येतो. वाडीची वाट त्याच्या माहितीची आहे.

कातकरी वाडीवर निम्म्याहून जास्त दारं बंद. दिवाळी झाली, उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेली, ती पावसाच्या तोंडाला परततील. मागे म्हातारी माणसं आणि थोडी पोरं. गोणी उतरताच एक तरुण मोबाईल काढतो. “ठेव तो खिशात,” खजिनदारबाई. दुसरा विचारतो, प्रार्थना करायची का? पाळकसाहेब मान हलवतात. “तांदूळ देऊन प्रार्थना ऐकवायची नाही.” पोटासाठी बाटले, हा टोमणा मराठी ख्रिस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय, पाळकसाहेबांना तो पाठ असावा.

तांदूळ वाटून होतो. एक आजी मात्र आपल्या वाट्याकडे बघत उभीच.

“तांदूळ रेशनला मिळतो,” ती म्हणते. अंत्योदयाच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य. “नातवाचा दाखला होत नाय. त्याचं काय करता का?”

सगळे एकमेकांकडे बघतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० सालापूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. दरसाल भट्टीवर जाणाऱ्या माणसांनी तो कुठून काढायचा? आजी आतून प्लॅस्टिकची पिशवी आणते. रेशनकार्ड, आश्रमशाळेची चिठ्ठी, घडीवर फाटलेला एक कागद.

किराणावाला पाकिटाला हात घालतो. “पैशे नको,” आजी म्हणते, “कुनीतरी संगती चला.”

चारशेचा भोपळा सोपा होता. तहसील कचेरीत एक दिवस घालवायचा, बाकावर बसायचं, या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचं, आणि तरी काम होईलच असं नाही. त्याला बोली कोण लावणार? गुरुजी चप्पल चाचपडतात. पाळकसाहेब घसा खाकरतात, पण त्यांच्याआधी धाटाववाला बोलतो.

“मंगळवारी सात वाजता माझी रात्रपाळी सुटते. आंघोळ करून येतो. दहाला कचेरीत पोचू.”

“मागं एक जण असाच बोललेला.”

“बरं.”

“कागद माज्याकडंच ऱ्हातील.”

“राहू देत. फक्त त्या फाटलेल्याचा फोटो काढू दे, घरी नीट वाचतो.”

आजी खजिनदारबाईंकडे बघते. मोबाईल काढू द्यावा की नाही, हे जणू त्यांनीच ठरवायचं. बाई मान डोलावतात, आणि तो कागद अंगणातल्या उन्हात धरून ठेवायला स्वतःच पुढे होतात.