डी लिंक्वेंटचं हेलिकॉप्टर

डी लिंक्वेंट नावाच्या एका असामीला हेलिकॉप्टर विकायचं आहे. राखीव किंमत 50,000. बाजारातली पत मात्र 'डी', म्हणजे तळाची. हे नाव सलग उच्चारलं की इंग्रजीत थकबाकीदार ऐकू येतं, तेव्हा यात नवल काही नाही. त्याच लिलावात एक लाल सायकल आहे, एक मोटारसायकल, टेनिसची रॅकेट, एक चक्क मोडकी सायकलही आहे. नोंदलेल्या सभासदांत जॅक स्प्रॅट आणि रिप व्हॅन विंकल अशी बालगीतांतली आणि गोष्टींतली माणसं हिंडतात.

हा लिलाव भरला तो वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या एका दस्तऐवजात. एक्सएमएलमधली, म्हणजे खुणा करून मांडलेली, माहिती विचारून काढण्यासाठी एक्सक्वेरी ही भाषा घडत होती, तेव्हा ती कोणकोणत्या कामांना पुरली पाहिजे याची नमुनेवार यादी समितीने केली. ती वर्षानुवर्षं सुधारत राहिली आणि मार्च 2007 मध्ये टिपणाच्या रूपात कायम झाली. संपादक पाच: डॉन चेंबरलिन, पीटर फँकहाउझर, डॅनिएला फ्लोरेस्कू, मॅस्सिमो मार्किओरी आणि जोनाथन रॉबी. मानकांच्या मसुद्यांतली नमुन्याची माहिती वाचत बसण्याचा मला जुना नाद आहे. नियम सांगताना समिती तोलूनमापून बोलते, उदाहरण देताना मात्र सैल सुटते. तिच्या मनात नक्की काय होतं ते अशा वेळी दिसतं. एक्सक्वेरीच्या बाबतीत तर तिच्या मनात काय नव्हतं, तेही.

पहिलाच नमुना घ्या. चार पुस्तकांची ग्रंथसूची. 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड', 65.95. युनिक्सवरचं त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक, किंमत तीच. डिजिटल टीव्हीच्या अर्थकारणावरचा 129.95 चा महागडा ग्रंथ. आणि 39.95 ला 'डेटा ऑन द वेब'. लेखक अबितबूल, बुनमन आणि सुच्यू. यातली मेख जाणकाराला लगेच कळते. हे तिसरे लेखक डॅन सुच्यू म्हणजे एक्सएमएल-क्यूएल या आधीच्या प्रश्नभाषेचे एक जनक, आणि फ्लोरेस्कूही त्यांच्याच चमूत होत्या. थोडक्यात, मंडळींनी घरचंच पुस्तक दुकानात मांडलं. पुढे झाडासारख्या रचनेचा नमुना लागला, तिथेही पुन्हा हेच पुस्तक.

प्रश्न कसे आहेत ते बघू. अमुक प्रकाशकाची 1991 नंतरची पुस्तकं सांगा. पत 'सी'पेक्षा वाईट असूनही हजाराच्या वरची वस्तू विकायला काढणारे कोण? (उत्तर: आपले लिंक्वेंट, हेलिकॉप्टरसह.) एका विभागात शस्त्रक्रियेचा अहवाल आहे: दुसऱ्या छेदाच्या वेळी कोणती उपकरणं वापरली, पहिल्या आणि दुसऱ्या छेदाच्या दरम्यान काय घडलं. एक प्रश्न तर असा, की भूल देण्याआधीच छेद घेतलेली शस्त्रक्रिया सापडते का? उत्तर रिकामं येतं, आणि सुदैवाने असा काही प्रसंग नाही, असा शेराही संपादकांनी मारला आहे. रुक्ष मानकात असा शेरा भेटला की दिवस चांगला जातो.

एसजीएमएल या एक्सएमएलच्या पूर्वजाच्या परंपरेतून घेतलेल्या विभागातले प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचले. अहवालातले सगळे परिच्छेद शोधा. प्रस्तावनेतले परिच्छेद शोधा. गोपनीय परिच्छेद शोधा. प्रत्येक प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदाचं पहिलं अक्षर शोधा. जवळपास सगळीकडे 'शोधा'. अख्खा अहवाल घेऊन तो वाचकापुढे नव्या वेषात उभा करा, असं कुणी म्हणत नाही. ज्या परंपरेत मुख्यतः कागदपत्रं छापण्यासाठी खुणा करत, तिच्या वाट्याला आलेल्या विभागातही हेच.

याचं कारण समितीच्या घराण्यात आहे. चेंबरलिन हे रेमंड बॉइस यांच्यासह 1974 मध्ये सीक्वेल, म्हणजे पुढची एसक्यूएल, मांडणारे गृहस्थ. 2000 साली रॉबी आणि फ्लोरेस्कू यांच्याबरोबर त्यांनी क्विल्ट नावाची भाषा रचली आणि एक्सक्वेरी तिच्यातूनच उभी राहिली. भाषा फंक्शनल आहे: प्रत्येक वाक्य म्हणजे एक मूल्य, आणि एकदा बांधलेलं चल पुन्हा बदलत नाही. पण तिच्या मध्यवर्ती वाक्यरचनेत, ज्यात 'अमुकासाठी, जिथे तमुक, या क्रमाने, हे परत दे' असं सांगतात, त्यात एसक्यूएलची चाल स्पष्ट ऐकू येते. डेटाबेसवाल्यांना तेच हवं होतं. प्रश्न पाहून कुठला इंडेक्स वापरायचा, काय आधी गाळायचं, हे यंत्राला आधीच ठरवता आलं पाहिजे.

दुसरं घराणं छापखान्याकडून आलं. 1996 मध्ये आयएसओने डीएसएसएसएल हे कागदपत्रांच्या मांडणीचं मानक काढलं. स्कीम या फंक्शनल भाषेवर बेतलेलं, देखणं आणि पचायला जड. ते प्रत्यक्ष चालवणारं 'जेड' हे साधन लिहिलं जेम्स क्लार्क यांनी. तेच पुढे एक्सएमएल कागदांचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी 1.0 या भाषेचे संपादक झाले, आणि 16 नोव्हेंबर 1999 रोजी ती शिफारस प्रसिद्ध झाली. स्कीमचे कंस गेले, पण मूळ विचार टिकला: प्रक्रिया नियमांनी बांधायची. अमुक नमुन्याचा तुकडा दिसला तर असं कर. कुठला तुकडा कधी येईल हे कागद ठरवतो, नियम लिहिणारा नाही. पंगतीत वाढपी पान बघून वाढतो, उपासाच्या पानावर वरण पडत नाही, तसं.

यातली खुबी प्रत्यक्ष कागदावर दाखवतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं 1861 पासून आपल्या मुत्सद्देगिरीची कागदपत्रं छापतं. आजवर साडेचारशेहून जास्त खंड निघाले. 1969–76 या मालिकेतला अकरावा खंड 1971 च्या दक्षिण आशियाई संकटाचा आहे. तो 2005 मध्ये आला, आणि निक्सन–किसिंजर आपल्याबद्दल खासगीत काय बोलत होते या कुतूहलापोटी मराठी वाचकांनीही तो चाळला असेल. त्यात 19 व्या क्रमांकावर 6 एप्रिल 1971 ची ढाक्याची तार आहे. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीबाबत आपलं सरकार मूग गिळून बसलं म्हणून तिथल्या 20 अमेरिकी अधिकाऱ्यांनी निषेध नोंदवला. आपण या भावनेशी सहमत आहोत, असं लिहून महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ती वॉशिंग्टनला पाठवली. पुढे त्यांची तिथून उचलबांगडी झाली.

हे खंड टीईआय या मानकाप्रमाणे एक्सएमएलमध्ये खुणा करून ठेवलेले आहेत. अशा कागदाचं पोट उघडून बघण्यासारखं असतं. मथळा, मथळ्याच्या आतच मूळ दप्तराची तळटीप, मग स्थळ-काळाची ओळ, मग परिच्छेद. परिच्छेदाच्या मधोमध, वाक्य चालू असताना, व्यक्तीचं नाव येतं आणि ते खंडाच्या सुरुवातीच्या नामावलीशी जोडलेलं असतं. पुढे लघुरूप येतं, ते संक्षेपसूचीशी. तळटीप आली की तिच्या पोटात पुन्हा नावं, पुन्हा लघुरूपं. कशाच्या पोटात काय निघेल याचा आधी भरवसा नाही. लिंक्वेंटच्या लिलावात प्रत्येक ओळीला तेवढेच रकाने असतात. इथे रकानेच नाहीत.

एक्सएसएलटीत यासाठी तीन-चार छोटे नियम पुरतात. तळटीप दिसली की जागेवर आकडा टाक आणि मजकूर खाली ने. व्यक्तीचं नाव दिसलं की त्याला दुवा दे. मथळ्यातलं नाव असेल तर दुवा नको. शेवटचे दोन एकाच नावाला लागू पडतात, मग कोणाचं ऐकायचं? नुसत्या नावाच्या नियमाला उपजत अग्रक्रम 0 असतो, 'मथळ्यातलं नाव' अशा नेमक्या नमुन्याला 0.5. नेमका जिंकतो. आणि ज्याला नियमच नाही त्या खुणेचं काय? तिच्या आत शिरून मजकूर पुढे पोचवायचा, असा अंगभूत नियम आहे. त्यामुळे एखादी अनोळखी खूण आडवी आली तरी ब्लड यांचं वाक्य गळत नाही. या एका तरतुदीसाठी मी एक्सएसएलटीचा कोनदार कंसांचा बोजड वेष माफ करतो.

एक्सक्वेरीने ही नियमांची सोय जाणूनबुजून घेतली नाही. कोणता नियम कधी लागू होईल हे आधी सांगता येत नसेल तर उत्तराचा प्रकार कसा तपासणार आणि प्रश्नाचा आराखडा कसा करणार, हा समितीचा आक्षेप खोटा नव्हता. 2001 च्या सुमारास इव्हान लेंझ यांनी 'चाक पुन्हा का शोधताय?' अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. दोन्ही भाषांतली उदाहरणं शेजारी शेजारी मांडली आणि यातलं बरंचसं एक्सएसएलटीत आधीच होतं, हे दाखवलं. वाद बराच धुमसला. शेवट सरकारी पद्धतीने झाला: 23 जानेवारी 2007 या एकाच दिवशी एक्सक्वेरी 1.0 आणि एक्सएसएलटी 2.0 या दोन्ही शिफारशी निघाल्या. दोघींचा माहितीचा साचा एक, कागदातला तुकडा निवडणारी एक्सपाथ 2.0 ही भाषाही सामाईक. एक्सएसएलटीचे नवे संपादक मायकेल के यांच्या सॅक्सन या साधनात तर दोन्ही भाषा एकाच इंजिनावर चालतात. यंत्राला फरक पडत नव्हता, भांडण माणसांचंच होतं.

मग ज्यांच्याकडे कागद होते पण डेटाबेस एक्सक्वेरीचा होता, त्यांनी काय केलं? त्यांनी वाट त्याच नमुन्यांच्या दस्तऐवजात शोधली असती तरी सापडली असती. 'डेटा ऑन द वेब'ची अनुक्रमणिका करा, विभागांच्या पोटातले विभाग जसेच्या तसे राखून, असा एक प्रश्न तिथे आहे. त्याचं उत्तर म्हणजे स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन. याच फंक्शनात भाषेची 'टाइपस्विच' ही रचना घातली, की हाती येणारा तुकडा कुठल्या जातीचा आहे ते पाहून वेगवेगळी कृती करता येते. वोल्फगांग मायर यांनी सुरू केलेल्या एक्झिस्ट-डीबी या एक्सक्वेरीवर चालणाऱ्या डेटाबेसच्या परिवारात, म्हणजे मुख्यतः जुन्या ग्रंथांवर काम करणाऱ्यांत, हा रिवाजच पडला.

चालतं, पण ते दुखतं. टाइपस्विच म्हणजे एकाच फंक्शनात कोंबलेली लांबलचक यादी. मथळ्यातलं नाव वेगळं हवं असेल तर नावाच्या शाखेत आणखी एक 'जर' घुसवा. दुसऱ्या खंडासाठी एकच गोष्ट बदलायची तर मूळ फंक्शन उघडून त्यात हात घाला, नाहीतर अख्ख्याची नक्कल करा. एक्सएसएलटीत दुसऱ्याची नियमावली आयात करून वरून आपला एक नियम ठेवता येतो. मूळ फाइल ज्याची त्याची राहते. माझ्या मते दोन भाषांतला खरा फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

जॉन स्नेलसन हे नाव या कहाणीत फारसं कुणी घेत नाही. 2012 च्या एक्सएमएल प्राग परिषदेत त्यांनी 'ट्रान्सफॉर्म.एक्सक्यू' हे एक्सक्वेरी 3.0 साठीचं ग्रंथालय मांडलं. भाषेची ही आवृत्ती शिफारस व्हायला अजून दोन वर्षं होती. ती 8 एप्रिल 2014 ला झाली आणि तिच्या संपादकांत स्नेलसनही होते. या आवृत्तीत फंक्शन हेच मूल्य झालं: चलात ठेवा, दुसऱ्या फंक्शनला द्या, यादीत ओवा. मग नियम म्हणजे काय उरतं? दोन फंक्शनं. एक सांगतं 'हा तुकडा माझा', दुसरं सांगतं 'त्याचं असं कर'. नियमावली म्हणजे अशा जोड्यांची यादी, आणि यादीच्या डोक्यावर आपली जोडी ठेवली की झाला बदल. जे व्याकरणात घालायला समितीने नकार दिला, ते व्याकरणाला धक्का न लावता ग्रंथालयात मावलं. याच्यात मला काव्यात्म न्याय दिसतो: एक्सएसएलटीची मुळं स्कीममध्ये, आणि एक्सक्वेरीला नियम मिळाले ते स्कीमवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक असलेल्या युक्तीने.

परराष्ट्र खात्याचे ते खंड ज्यावर आहेत त्या इतिहास-संकेतस्थळानेही शेवटी नियमच जवळ केले. टीईआयच्या मार्गदर्शिकेत प्रक्रिया-प्रतिमान नावाची सोय आली आहे. कुठली खूण वाचकाला कशी दिसावी हे संपादकाने एका स्वतंत्र कागदावर नोंदवायचं, आणि त्यातून एक्सक्वेरीचा प्रोग्रॅम आपोआप तयार होतो. जो टाइपस्विच माणसं हाताने लिहून कंटाळली, तो आता यंत्र लिहितं. नियम संपादकाच्या ताब्यात राहतात.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पानाचा खालचा भाग एकदा नजरेसमोर आणा. पाठभेदांचं असं घनदाट रान रकान्यांत बसत नाही. टीईआयमध्ये पाठभेदांसाठी खास खुणा आहेत आणि त्या तशाच एकमेकींच्या पोटात शिरतात. आपल्याकडे पोथ्यांचं संगणकीकरण म्हणजे बहुधा पान स्कॅन करून पीडीएफ करणं, एवढ्यावर गाडी थांबते. जिथे खुणा करण्याइतका शहाणपणा दाखवला जातो, तिथेही दाखवण्याचे नियम एखाद्या कंत्राटदाराच्या प्रोग्रॅमच्या पोटात गाडले जातात, आणि दोन वर्षांनी पाठभेद ठळक छापायचे ठरले की पुन्हा निविदा निघते. एक्सक्वेरी की एक्सएसएलटी, या वादात मी आता पडत नाही. अशा कुठल्याही प्रकल्पाच्या बैठकीत मी पहिला प्रश्न हा विचारीन, की नियमांचा कागद कुठे आहे, आणि त्यात एक ओळ बदलायला संस्कृतच्या अभ्यासकाला कुणाची परवानगी लागते.