रात्री जागणारं माकड : बाप पिलू वाहतो, जोडी मोडली की पिल्लं घटतात

वानर-माकडांची राखण दिवसाची आणि रानडुकरांची रात्रीची, हे कुठल्याही बागायतदाराला सांगावं लागत नाही. दिवस मावळला की माकडांचा कळप झाडावर गप्प बसतो. भारतातली सगळी माकडं दिवसाचीच. रात्रीचं माकडकूळ जगात एकच आहे आणि ते राहतं पनामापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या जंगलात. इंग्रजीत त्याला ‘आउल मंकी’, म्हणजे घुबड-माकड म्हणतात.

वजन साधारण किलोभर, तोंड गोल आणि डोळे मोठाले. शास्त्रीय नाव ‘एओटस’, अर्थ ‘बिनकानाचा’. कान असतात, पण दाट केसांत झाकलेले. या कुळात दहाहून जास्त जाती मानल्या जातात. फळं, कोवळी पानं, फुलं आणि किडे हे त्यांचं खाणं.

पूर्वज दिवसाचे

मांजरीच्या डोळ्यावर बॅटरी मारली की डोळा चमकतो, कारण आत आरशासारखा पडदा असतो. घुबड-माकडाच्या डोळ्यात तसा पडदा नाही. त्यामुळे याचे पूर्वज दिवसा वावरणारे होते आणि हे कूळ नंतर रात्रीकडे वळलं, असं शास्त्रज्ञ मानतात. पडद्याची उणीव डोळ्याच्या आकाराने भरून काढली. त्या बदल्यात रंग ओळखण्याची ताकद गेली.

रात्र का निवडली? दिवसा मोठे गरुड असतात आणि फळांच्या झाडावर मोठी माकडं दांडगाई करतात. रात्री दोन्ही त्रास कमी, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तरी मिट्ट काळोख यांनाही नको. चांदण्या रात्री हालचाल जास्त, अमावस्येला कमी. अर्जेंटिनाच्या फोर्मोसा प्रांतातली जात तर अंधाऱ्या रात्रीची कसर दिवसा भरून काढते.

घर चालतं जोडीवर

कळप म्हणजे नर, मादी आणि त्यांची दोन-चार पिल्लं. वर्षाला बहुधा एकच पिलू. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते बापाच्या अंगावर जातं. आईकडे येतं ते दूध प्यायला. बाकी वाहणं, खेळवणं, सांभाळणं बहुतेक बापाकडे.

फोर्मोसात एदुआर्दो फर्नांडेझ-दुके यांचा गट 1996 पासून या माकडांचा अभ्यास करतो आहे. जनुकीय तपासणीत पिल्लं जोडीतल्याच नराची निघाली. जोडीदार टिकलेल्या माकडांना, जोडीदार बदललेल्यांपेक्षा दहा वर्षांत सुमारे 25 टक्के जास्त पिल्लं झाल्याचंही या गटाला आढळलं.

धोका नेमका इथेच आहे. माणसाच्या मलेरियाची लागण या माकडांना होते, म्हणून संशोधनासाठी त्यांना मागणी आली. कोलंबिया, पेरू आणि ब्राझील यांच्या सीमेवरच्या ॲमेझॉन जंगलातून ती मोठ्या संख्येने पकडली गेली. त्यात जंगलतोडीची भर. जाळ्यात एकच माकड गेलं, तरी मागे राहिलेल्याची जोडी मोडते आणि पुढची पैदास खुंटते.

आपल्याकडे रात्री दिसतं ते कोण?

सिंधुदुर्गात तिळारी खोऱ्याच्या परिसरात रात्री फांदीवर हळूहळू सरकणारा, हडकुळा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी आढळतो. तो लाजवंती, म्हणजे स्लेंडर लोरिस. शेपूट जवळपास नाहीच. नात्याने माकडांचा लांबचा भाऊबंद, पण माकड नव्हे. बॅटरीत याचे डोळे चमकतात, कारण तो आरशाचा पडदा याच्याकडे आहे.

दक्षिण भारतात जादूटोण्याच्या समजुतीपायी याला पकडतात, मारतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. दिसला तर बॅटरी डोळ्यावर धरून ठेवू नका, हात लावू नका. जखमी असेल तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा.