आकड्यांमागचे खरे कारण कोणते?




आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली काही मुले-मुली सध्या पोलीस भरती, तलाठी, बँक आणि राज्यसेवेच्या परीक्षांची तयारी करीत आहेत. बुद्धिमत्ता चाचणीतला एक प्रकार त्यांना हमखास अडवतो. एखाद्या पाहणीतले आकडे दिलेले असतात, खाली चार कारणे असतात आणि विचारलेले असते की, या आकड्यांशी कोणते कारण जुळते? चारही कारणे ऐकायला खरी वाटतात. म्हणूनच मुले गोंधळतात.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. आपण देणगी देतो, प्रार्थना करतो, अहवाल वाचतो, तेव्हा आपणही आकड्यांवरून कारण ठरवीत असतो. कारण चुकले तर मदतही चुकीच्या जागी जाते. म्हणून या अंकात हा विषय थोडा सविस्तर घेतला आहे.

दहा वर्षांत दुप्पट?

आदिवासींच्या संबंधातलेच खरे उदाहरण पाहू. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २९.५ लाख होती. १९८१ मध्ये ती सुमारे ५७.७ लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ९५ टक्के वाढ. त्याच काळात राज्याची एकूण लोकसंख्या सुमारे २४.५ टक्क्यांनी वाढली. आता चार कारणे समोर ठेवू.

(अ) आदिवासींमध्ये जन्माचे प्रमाण फार होते.
(ब) औषधोपचार पोहोचल्याने मृत्यू घटले.
(क) शेजारच्या राज्यांतून आदिवासी येथे आले.
(ड) कोणाला अनुसूचित जमातीत मोजायचे, हा नियम बदलला.

पहिली दोन कारणे एकत्रच तपासू. वर्षाला दर हजारी ४० जन्म हे प्रमाण बरेच मोठे मानले जाते. तेवढे जन्म झाले आणि दहा वर्षांत एकही माणूस मेला नाही, असे अशक्य धरून चालले तरी वाढ ४८ टक्क्यांच्या आसपास थांबते. ९५ पर्यंत ती जात नाही. म्हणजे (अ) आणि (ब) ही कारणे थोडीफार खरी असली तरी एवढ्या वाढीला पुरत नाहीत.

आता (क). राज्याच्या सरासरी वेगाने वाढ झाली असती तर आकडा ३७ लाखांच्या आत राहिला असता. म्हणजे सुमारे २१ लाख माणसे जास्तीची आहेत. एवढी माणसे बाहेरून आली असतील तर शेजारच्या राज्यांत तेवढी घट दिसायला हवी. पण गुजरात आणि मध्य प्रदेशातही याच दशकात आदिवासींची संख्या वाढलेली दिसते. तेव्हा हेही कारण बसत नाही.

राहिले (ड). पूर्वी अनेक जमातींना ठराविक भागापुरतीच मान्यता होती. विदर्भात मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा नेमक्या तालुक्यांत राहणारा गोंड अनुसूचित जमातीत धरला जाई. त्या हद्दीबाहेरचा त्याचा नातलग मात्र नाही. १९७६ च्या सुधारणा कायद्याने ही क्षेत्राची अट काढली. माणसे तीच होती, त्यांची नोंद बदलली.

याला आणखी एक पुरावा आहे. १९८१ ते १९९१ या पुढच्या दशकात वाढ सुमारे २७ टक्क्यांवर आली, म्हणजे राज्याच्या सरासरीजवळ. जन्मामुळे संख्या वाढत असती तर वेग असा एकाएकी खाली आला नसता. एकदाच मोठी उडी आणि मग नेहमीची चाल दिसली, की मोजण्याचा नियम बदलला का, हे आधी पाहावे.

मग (ड) हे पूर्ण उत्तर झाले का? नाही. क्षेत्राची अट गेल्यावर नावात साम्य असलेल्या इतर समाजांतल्या काहींनीही आदिवासी म्हणून नोंद केली, असा आक्षेप पुढे आला. हा वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जमातीच्या दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली आणि २००० मध्ये हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत येत नाहीत असा निर्णय दिला. ही दोन्ही कारणे उडीशी जुळतात. कोणाचा वाटा किती, हे एकूण बेरजेवरून सांगता येत नाही. त्यासाठी तालुकावार आणि जमातवार आकडे लागतात. परीक्षेत ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ असा पर्याय असतो, तो अशाच ठिकाणी बरोबर असतो.

आपल्याच दोन जिल्ह्यांचे आकडे

२००१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९५ स्त्रिया होत्या आणि सांगलीत ९५७. राज्याचा आकडा ९२२ होता. हे वाचून कोणीही म्हणेल, “आपल्याकडे मुलीला मान आहे.”

पण त्याच जनगणनेतले सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आकडे पाहा. दर हजार मुलांमागे साताऱ्यात ८७८ मुली, सांगलीत ८५१. राज्याचा आकडा ९१३. म्हणजे मुलीला मान असल्याचे कारण पहिल्या आकड्याला बसते आणि दुसऱ्यापाशी कोसळते.

दुसरे कारण तपासू. साताऱ्याचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी मुंबईला जातात. गावात पुरुष कमी म्हणून स्त्रियांचे प्रमाण जास्त दिसते. मुंबईला माणसे पाठवणाऱ्या रत्नागिरीत तर तेव्हा हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. हे कारण मोठ्यांच्या आकड्याला नीट बसते. लहान मुले मात्र नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. त्यांच्यातल्या तुटीला वेगळे कारण हवे, आणि ते गर्भलिंगनिदानाकडे बोट दाखवते. ते रोखणारा कायदा १९९४ चा आहे; तरी २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला काय उघडकीस आले, ते आपण विसरलेलो नाही.

२००१ च्या त्याच जनगणनेत आदिवासीबहुल गडचिरोलीत हजार मुलांमागे ९६६ मुली होत्या. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्यांच्याकडे मुलगी अधिक सुखरूप होती. हे मंडळीतल्या प्रत्येक घराने मनावर घ्यावे.

मूल शाळेत का नाही?

आता आपल्या कामाकडे वळू. सातारा व सांगलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. कातकरी व पारधी वस्त्या लहान आणि विखुरलेल्या असतात. समजा, डिसेंबरात केलेल्या पाहणीत एका वस्तीतली निम्मी मुले शाळेत आढळली नाहीत. लगेच म्हटले जाते, “आईबापांनाच शिक्षणाची आस्था नाही.” दुसरे कारण असेही असू शकते की कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले आहे.

एका महिन्याच्या आकड्यावरून दोन्हींत निवड करता येत नाही. वर्षभराची हजेरी पाहावी लागते. आस्था नसेल तर हजेरी जूनपासूनच कमी असेल. स्थलांतर असेल तर दिवाळीनंतर घसरेल आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा वाढेल. पहिल्या कारणाला पालकांशी बोलणे हा उपाय आहे; दुसऱ्याला हंगामी वसतिगृह किंवा साखरशाळा. पोटासाठी बाहेर पडलेल्या आईला आस्थेचे धडे देणे हे तिच्यावर अन्याय करणे आहे.

परीक्षेसाठी पाच प्रश्न

आपल्या घरातल्या उमेदवारांना हे कापून ठेवायला सांगा.

१. हे कारण एवढ्या मोठ्या फरकाला पुरते का?
२. कारण आधी घडले आणि परिणाम नंतर, असा काळ जुळतो का?
३. कारण खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे? ते दिसते का?
४. मोजण्याची पद्धत, नियम किंवा हद्द मध्येच बदलली का?
५. दुसरे एखादे कारणही तितकेच जुळते का? जुळत असेल तर निवड करायला माहिती अपुरी आहे.

आणखी एक सूचना. पर्यायातले वाक्य जगात खरे आहे की नाही, हे विचारलेले नसते. ते दिलेल्या आकड्यांशी जुळते का, एवढेच विचारलेले असते. हुशार मुलेही येथेच गुण घालवतात.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी प्रभूसमोर दोनच कारणे ठेवली होती: याचे पाप की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारली आणि त्या माणसासाठी काय करायचे ते केले. दुःखी माणसाकडे पाहून त्याचाच दोष शोधण्याची सवय तेव्हाही होती, आजही आहे.

प्रार्थनेचे विषय: परीक्षांना बसणारी आपली मुले, पाहणीसाठी वस्त्यांवर जाणारे कार्यकर्ते, त्यांना ऐकणारे कान मिळावेत, आणि या हंगामात उसाच्या फडात असलेली मुले.