विजेची वाटेतली गळती

बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. 'कडलेकाई परिषे' हे तिचे कन्नड नाव. दोड्डबळ्ळापूर, मागडी, चिंतामणी, कोलार अशा भागांतून आलेले शेतकरी नव्या भुईमुगाचे ढीग रस्त्याच्या दुतर्फा मांडतात. भुईमूग बव्हंशी पावसावर येतो. परंतु या पट्ट्यातील द्राक्षे, भाजीपाला व फुले विंधनविहिरीच्या पाण्यावर, म्हणजेच पर्यायाने विजेच्या तारेवर अवलंबून असतात. ती तार शेतापर्यंत किती वीज पोहोचविते आणि किती वाटेतच सांडते, हा प्रश्न वीज कंपनीच्या ताळेबंदाइतकाच शेतकऱ्याच्या कर्जखात्याशीही निगडित आहे.

दक्षिण महाराष्ट्र असो वा उत्तर कर्नाटक, शिवारातील चित्र सारखेच असते. ६३ किंवा १०० केव्हीएचे एक रोहित्र, ज्याला गावकरी 'डीपी' म्हणतात, आणि त्यावरून निघालेली लांबलचक लघुदाब वाहिनी. पंप वाढले तसे खांब पुढे सरकत गेले. शेवटच्या खांबावरील शेतकऱ्याच्या वाट्याला पुरेसा दाब येत नाही, मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते आणि ऐन पाण्याच्या पाळीत जळते. रिवाइंडिंगचा खर्च, वाया गेलेले आठ-दहा दिवस, करपलेले पीक आणि मग थकलेला हप्ता, ही साखळी ग्रामीण शाखेतील कोणत्याही कृषी अधिकाऱ्याच्या परिचयाची आहे. थकबाकीच्या तक्त्यात 'पीक बुडाले' एवढीच नोंद होते. पीक कशाने बुडाले, याचा रकाना तेथे नसतो.

तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की हानी चौपट होते. तीच वीज ४१५ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली, तर प्रवाह सुमारे सव्विसाव्या हिश्श्यावर येतो आणि त्याच तारेतील हानी जवळजवळ सातशेव्या हिश्श्यावर. हे शहाणपण नवे नाही. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्रची जलविद्युत सुमारे दीडशे किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली, ती उच्च दाबानेच. सोन्याला जे मिळाले ते भुईमुगाच्या शिवाराला मिळण्यास मात्र शतक लोटावे लागले.

त्यावरील उपाय म्हणजे उच्चदाब वितरण प्रणाली. उच्चदाब वाहिनीच थेट शेतापर्यंत न्यावयाची आणि तेथे १०, १६ किंवा २५ केव्हीएचे लहान रोहित्र बसवून त्यावर एक ते तीनच पंप जोडावयाचे. बंगळूरच्या उत्तरेस दोड्डबळ्ळापूर येथे 'बेस्कॉम'ने अमेरिकी विकास संस्थेच्या साहाय्याने हा प्रयोग केला आणि त्याला कार्यक्षम पंपांची जोड दिली. महाराष्ट्रात महावितरणने २०१८ मध्ये ही योजना मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. प्रलंबित असलेल्या सुमारे सव्वादोन लाख कृषी जोडण्यांसाठी पाच हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च अपेक्षित होता. ढोबळ भागाकार केला तरी एका पंपामागे सव्वादोन लाख रुपये पडतात. एवढ्या रकमेत एक विहीर खणून होते, हे येथे नमूद करावयास हवे.

तथापि तिचा लाभ केवळ तांत्रिक नाही. उच्चदाब तारेवर आकडा टाकण्यास कोणी धजत नाही. रोहित्र दोघा-तिघांचेच असल्यामुळे ते आपले वाटते. जळाले तर वीस जणांचे पाणी थांबत नाही आणि दुरुस्तीच्या वर्गणीवरून भावकीत वादही होत नाहीत. उणीव आहे ती अशी की, प्रत्येक रोहित्राचा गाभा पंप बंद असतानाही थोडी वीज खातच असतो. रोहित्रांची संख्या वाढली की ही हानीही वाढते. म्हणून विरळ वस्तीच्या व कमी पंपांच्या शिवारात हा खर्च तपासूनच करणे इष्ट.

त्या मानाने कपॅसिटर अगदी स्वस्त. मोटारीचा शक्तिगुणक ०.७ वरून ०.९ वर आला, तर वाहिनीतील हानी सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. तरीही कपॅसिटर काढून ठेवलेले आणि ऑटोस्विच मात्र हटकून बसविलेले, असे दृश्य सर्वत्र आढळते. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्र बसते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु रात्री दोन वाजता येणाऱ्या विजेसाठी बांधावर जागत बसण्यापेक्षा त्याला ऑटोस्विच परवडतो.

खरी अडचण मोजमापाची आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५५ अन्वये मीटरशिवाय पुरवठा करता येत नाही. प्रत्यक्षात असंख्य पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत राहिली. कर्नाटकात २००८ पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे; महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना. बिल शासनाने भरले तरी मीटर नसेल, तर चोरी व गळती हे दोन्ही 'शेतीचा वापर' या नावाखाली सहज खपून जातात. ज्या खात्याचा उतारा निघत नाही त्याचा ताळमेळ लागत नाही, हे बँकेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

गावठाण व शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्याने हे चित्र काहीसे स्पष्ट झाले. गुजरातची 'ज्योतिग्राम' आणि कर्नाटकातील 'निरंतर ज्योती' या योजना त्याच वाटेने गेल्या. वेगळ्या झालेल्या शेती वाहिनीला आता सौरऊर्जेची जोड मिळत आहे. महाराष्ट्राच्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'चा पहिला टप्पा २०१७ चा, दुसरा २०२३ चा. या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प, तीन मेगावॉटचा, २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला. उपकेंद्रालगतच वीज तयार होत असल्याने दूरच्या पारेषणातील हानी टळते. शेतकऱ्यांना मात्र त्याचे कौतुक दुसऱ्याच कारणासाठी अधिक वाटते. पाणी आता दिवसा देता येते. काळोखात, विंचवा-सापांच्या वाटेने, बॅटरी घेऊन बांधावर जावे लागत नाही.