भुईतून आवाज येतो तो कशाचा?

रात्री वस्तीवर अंग टाकल्यावर भुईतून 'गुडूम' असा आवाज कधी ऐकलाय का? आभाळ निरभ्र, सुरुंगाची वेळ नाही, तरी मांडणीवरची भांडी वाजतात आणि कुत्री भुंकायला लागतात. सकाळी चावडीवर तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं विमान गेलं, कुणी म्हणतं बोअर मारून मारून भुई पोकळ झाली, एखादं म्हातारं माणूस शेषाचं नाव घेतं. दोन दिवसांनी पेपरात मथळा येतो, 'गूढ आवाजाने ग्रामस्थ भयभीत'. तो मथळा आमच्यासारख्यांनीच दिलेला असतो, हेही कबूल केले पाहिजे.

कारण या आवाजात आता फारसे गूढ उरलेले नाही.

३ एप्रिल २०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास सांगोला, मंगळवेढा आणि आपल्या पंढरपूर भागात जमीन हलल्याचे जाणवले. धक्का २.६ रिश्टरचा, म्हणजे अगदी सौम्य, आणि केंद्र सांगोल्याच्या बाजूला. अशा लहान धक्क्यांचाच हा आवाज असतो. हिंगोली जिल्ह्यातील पांगरा शिंदे (ता. वसमत) या गावाने तो वर्षानुवर्षे ऐकला. पुढे २०२४ मध्ये त्याच जिल्ह्यात २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ रिश्टरचे धक्के बसले. लातूर जिल्ह्यातील हासोरी (ता. निलंगा) येथे सप्टेंबर २०२२ मध्ये याच आवाजांनी लोकांची झोप उडवली होती.

आता आवाज येतो कसा, ते बघा. दिंडीतला पखवाज डोळ्यासमोर आणा. थाप पडते पानावर, पान थरथरते, पानाजवळची हवा थरथरते आणि तीच थरथर आपल्या कानावर येते. इथे पान म्हणजे आपल्या पायाखालची जमीन. थाप मात्र खालून पडते. काही किलोमीटर खोल खडकात जुनी भेग असते, तिच्या दोन बाजू एकमेकींवर दाब देऊन बसलेल्या असतात. दाब सोसेनासा झाला की त्या किंचित सरकतात. त्यातून निघालेली पहिली लहर जमिनीच्या वरच्या अंगाला येऊन हवेला धक्का देते. आपल्याकडचा कातळ टणक, त्यामुळे बारीक, जलद कंपने वाटेत फारशी विरत नाहीत. म्हणून पायाला काही न कळताही कानाला स्फोटासारखा आवाज येऊ शकतो. बोअरमुळे भुई पोकळ झाली ही समजूतही इथेच गळून पडते. बोअर जातो काही शे फूट, भेग सरकते त्याच्या कितीतरी खाली.

नेहमीचा तंटा होतो तो दुसऱ्याच गोष्टीवरून. गाव म्हणतं, आवाज आला. साहेब म्हणतात, यंत्रावर नोंद नाही. दोघंही खरं बोलत असतात! धक्का फार लहान आणि यंत्र शंभर किलोमीटरवर असेल तर त्याला तो कळत नाही, गावाच्या कानाला कळतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी गावांच्या जवळच यंत्रे नेऊन बसवली आणि लहान लहान धक्के हजारोंनी सापडले.

पावसाळ्यात किंवा पाऊस सरल्यावर हे आवाज वाढल्याचे पुष्कळ ठिकाणी दिसते. पाणी खडकातल्या भेगांतून खोल मुरते आणि तिथला दाब वाढवते. आधीच ताणात असलेल्या भेगेला तेवढेही निमित्त पुरते. पाण्याचा हा गुण जगाला शिकवला आपल्या कोयनेने. धरणात पाणी साठू लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरच्या धक्क्याने सुमारे १८० माणसे नेली. त्याचा अभ्यास अजून चालू आहे. कोयना भागात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विवर घेण्यात आले आणि कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

पण मंडळी, आवाज समजला म्हणून निर्धास्त राहावे का? इथे किल्लारी आठवते. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारीकरांनी असेच धक्के आणि आवाज अनुभवले. मग ते थांबले. वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले ते आपल्या जिल्ह्यानेही अनुभवले. सुमारे दहा हजार माणसे गेली. तोवर तो भाग सरकारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! नंतर शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल विवर घेतले. काळ्या कातळाचा थर ३३८ मीटरला संपला आणि त्याखाली फार जुना खडक लागला. वरून अखंड दिसणाऱ्या भुईच्या पोटात जुन्या भेगा असतात, हे किल्लारीनंतर सर्वांनी मानले. मात्र त्याच वेळी ती भेग का सरकली, यावर अजून एकमत नाही. २००२ च्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

बहुतेक ठिकाणी आवाज येतात आणि आपोआप थांबतात. कुठल्या आवाजामागून मोठा धक्का येईल, हे आज कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. 'अमुक रात्री भूकंप होणार' अशी हूल कुणी उठवली तर ती तिथेच थांबवा. सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी यांनी मात्र आवाजाची नोंद ठेवावी. तारीख, घड्याळातली नेमकी वेळ, कोणत्या वाड्या-वस्त्यांवर ऐकू आला, भांडी हलली का, विहिरीचे पाणी गढूळ झाले का. हा कागद तहसील कार्यालयाला गेला की शास्त्रज्ञांना यंत्राच्या नोंदीशी तो ताडून पाहता येतो. 'लोक घाबरलेत' एवढ्याने त्यांना काही कळत नाही.

आणि घराकडे बघा. किल्लारीत माणसे मेली ती बहुतेक घराखाली. दगड-मातीच्या रुंद भिंती, आतली आणि बाहेरची रांग वेगवेगळी, मध्ये नुसता भराव. हलताच दोन्ही रांगा फाकल्या आणि वरचे माळवद खाली आले. माळवद गळू नये म्हणून आपण उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती टाकतो, जुनी काढत नाही. किल्लारी भागात असे थर साचून काही घरांवर दोन फुटांहून जास्त माती झाली होती. यंदा माळवदावर चढाल तेव्हा आधी जुनी माती खोऱ्याने खाली ओढा, ओझे कमी करा आणि मगच नवीन थर द्या. भिंत नव्याने रचत असाल तर गवंड्याला सांगून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवून घ्या. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टाही टाका. त्याला खर्च येतो खरा, पण भिंती एकमेकींना धरून ठेवतो तो हाच पट्टा.